डिस्क फिरते, पण पिक्चर काही दिसत नाही

या वेळच्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच रडगाणं पुन्हा पुन्हा दिसलं, लॅपटॉपवर ब्लू-रे लावली आणि ती काही केल्या चालेना. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि ही सगळी पानं त्यालाच देते. मला स्वतःला डिस्कवर पिक्चर बघायला फार आवडतं, त्या चित्रात आणि आवाजात जो भरीवपणा असतो तो मला दुसरीकडे सहसा मिळत नाही, आणि म्हणूनच कुणी "जाऊ दे, लॅपटॉपवर हे होतच नाही" म्हणून डिस्क कपाटात टाकून दिली की मला खरंच वाईट वाटतं. बहुतेक वेळा ते होतं. फक्त गाडी नेमकी कुठे अडलीय ते आधी शोधायला लागतं.

प्रश्न : ताई, मी यूएसबीवर चालणारा ब्लू-रे ड्राइव्ह घेतला. डिस्क टाकली की लॅपटॉपला दिसते, आतले फोल्डरपण दिसतात, पण फाइलवर डबल क्लिक केलं की विंडोजचा प्लेअर उघडतो आणि ही फाइल चालवता येत नाही म्हणतो. ड्राइव्ह खराब निघालाय का, परत करू का?

परत करू नका, ड्राइव्ह ठणठणीत आहे. तुम्हाला आत बीडीएमव्ही, सर्टिफिकेट, एएसीएस असे फोल्डर दिसतायत ना, म्हणजे लेझर वाचतोय, केबल बरोबर आहे, विंडोजने डिस्क ओळखलीय. अडलंय ते कुलपापाशी.

गोष्ट अशी आहे की विंडोजच्या कुठल्याच व्हर्जनमध्ये ब्लू-रे पिक्चर चालवायची सोय मुळातून आलेली नाही, आधीही नव्हती आणि आताही नाही. विंडोज ७ मध्ये निदान डीव्हीडी तरी चालायची, २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा तीपण काढून टाकली. आणि ब्लू-रेवरचा पिक्चर हा नुसती फाइल नसतो, तो एएसीएस नावाच्या कुलपात बंद असतो, म्हणजे डिस्कवरचा व्हिडिओ सांकेतिक रूपात असतो आणि ज्या प्लेअरकडे अधिकृत किल्ली आहे तोच तो उलगडू शकतो. त्यामुळे तुम्ही स्ट्रीम फोल्डरमध्ये जाऊन ती सगळ्यात मोठी, पिक्चर असलेली एम२टीएस फाइल उघडायचा कितीही प्रयत्न केलात, किंवा ती हार्ड डिस्कवर कॉपी करून पाहिलीत, तरी किल्ली नाही तोवर आत नुसता कचराच दिसणार.

मग करायचं काय तर ब्लू-रेचा परवाना असलेलं प्लेअर सॉफ्टवेअर टाकायचं. सायबरलिंकचं पॉवरडीव्हीडी हे त्यातलं बऱ्याच जणांना माहीत असलेलं नाव. ड्राइव्हच्या खोक्यात एखादी सॉफ्टवेअरची डिस्क किंवा कोड असलेला कागद आलाय का तो आधी बघा, बऱ्याचदा येतो आणि लोक तो खोक्यासकट फेकून देतात. फक्त सोबत आलेल्या व्हर्जनला ब्लू-रे चालते का हे वाचून घ्या, कारण त्याच नावाची एक साधी आवृत्ती नुसत्या डीव्हीडीपुरती असते.

व्हीएलसीचं पण बरेच जण विचारतात. २०१२ च्या २.० व्हर्जनपासून त्यात ब्लू-रेची सोय आहे खरी, पण ती कुलूप नसलेल्या डिस्कपुरती, बाजारातली पिक्चरची डिस्क त्यात जशीच्या तशी चालत नाही. किल्ल्या बाहेरून आणून टाकायचे उद्योग लोक करतात, मी ते इथे सांगणार नाही, कुलूप फोडणं बऱ्याच देशांत कायद्यात बसत नाही आणि दर नव्या डिस्कला तेच दुखणं पुन्हा उभं राहतं.

एक लक्षात ठेवा, नवीन प्लेअर टाकल्यावर पहिली डिस्क लावताना इंटरनेट चालू ठेवा. प्लेअर स्वतःची नोंदणी आणि किल्ल्या तिथून घेतो, आणि नेट नसेल तर असा काही मोघम एरर देतो की माणसाला डिस्कच खराब वाटते.

प्रश्न : माझं थोडं वेगळं आहे. दोन वर्षं सगळ्या डिस्क व्यवस्थित चालल्या. परवा एक नवीन पिक्चर आणला, तो चालला नाहीच, पण आता जुन्यापण चालेनाशा झाल्यात! नवीन डिस्कमुळे ड्राइव्ह बिघडू शकतो का?

बिघडला नाही, पण तुमचा संशय अगदी खोटा पण नाही. या कुलपाची रचनाच अशी आहे. एखाद्या प्लेअरची किल्ली बाहेर फुटली तर ती बाद करता यावी म्हणून प्रत्येक नव्या डिस्कवर बाद झालेल्या किल्ल्यांची ताजी यादी छापलेली असते, आणि तुम्ही ती डिस्क लावली की ड्राइव्ह ती यादी स्वतःच्या मेमरीत उतरवून ठेवतो. यादी एकदा पुढे गेली की मागे येत नाही. मग तुमचं जुनं प्लेअर व्हर्जन त्या यादीत असेल तर ड्राइव्ह त्याच्याशी बोलायलाच तयार होत नाही, डिस्क कुठलीही का असेना.

हे नुसतं कागदावरचं नाही, २००७ मध्ये एका चालू प्लेअरच्या किल्ल्या फुटल्या होत्या आणि मग त्या बाद करून लोकांना अपडेट घ्यायला लावलं होतं. उपाय सोपा आहे, प्लेअरचं सगळ्यात नवीन अपडेट टाका आणि लॅपटॉप एकदा बंद करून चालू करा. तुमच्या व्हर्जनला अपडेट मिळायचं बंद झालं असेल तर मात्र नवीन आवृत्ती घ्यायला लागते, आणि स्वतः विकत घेतलेली डिस्क बघायला पुन्हा पैसे मोजायला लागावेत हे मला अजिबात पटत नाही, पण सध्या रस्ता तोच आहे. ड्राइव्ह बदलून मात्र काही होणार नाही, नव्या ड्राइव्हमध्ये हीच डिस्क लावलीत की तोपण तेच करेल.

प्रश्न : आमच्या जुन्या लॅपटॉपला डिस्कचा ट्रे आहे. त्यात सीडी आणि डीव्हीडी उत्तम चालतात. ब्लू-रे टाकली की थोडा वेळ फिरते, टकटक असा आवाज येतो आणि मग डिस्क टाका असा मेसेज येतो. मी ६८ वर्षांचा आहे, सोप्या भाषेत सांगावे.

काका, आधी ट्रेच्या पुढच्या पट्टीवर काय छापलंय ते उजेडात बघा. तिथे ब्लू-रेचं चिन्ह किंवा बीडी अशी अक्षरं नसतील, नुसतं डीव्हीडी लिहिलं असेल, तर तो ड्राइव्ह ब्लू-रे कधीच वाचणार नाही, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं तरी. डीव्हीडी वाचणारा लेझर लाल असतो, ६५० नॅनोमीटरचा, आणि ब्लू-रेचा निळसर जांभळा, ४०५ चा. ब्लू-रेवरच्या रेघा इतक्या बारीक आणि जवळजवळ असतात की लाल लेझरचा ठिपका एका वेळी दोन-तीन रेघांवर पडतो, त्याला त्यातलं काही कळत नाही. म्हणून तर डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात आणि तेवढ्याच आकाराच्या ब्लू-रेच्या थरात २५. अशा वेळी यूएसबीचा वेगळा ड्राइव्ह घेणं हाच उपाय.

पण पट्टीवर ब्लू-रे लिहिलेलं असेल तर पुढचं वाचा. लॅपटॉपच्या ट्रेमध्ये डिस्क नुसती ठेवून चालत नाही, ती मधल्या गोल खुंटीवर बसवायला लागते. त्या खुंटीच्या कडेला तीन छोटे दाणे असतात. एका हाताने ट्रेला खालून आधार द्या, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी डिस्कच्या भोकाच्या अगदी कडेला दोन्ही बाजूंनी सारखं दाबा, टक असा आवाज येईल आणि डिस्क हलायची थांबेल. एका शेजारणीच्या लॅपटॉपवर मी हे प्रत्यक्ष बघितलंय, डिस्क एका बाजूने केसभर वर राहिली होती, डीव्हीडी तेवढ्यावरही निभावून जायची पण ब्लू-रे नाही, कारण ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो आणि लेन्स डिस्कच्या फार जवळून फिरते, जरा तिरकं झालं की चुकलंच.

तेही करून झालं आणि तरी नाहीच वाचलं, तर दुसरी एखादी ब्लू-रे लावून बघा. एकही ब्लू-रे वाचत नाही आणि डीव्हीडी मात्र सगळ्या चालतात असं असेल तर निळा लेझर गेला असावा, कारण एकाच ड्राइव्हमध्ये दोन्हीसाठी वेगवेगळे लेझर असतात, एक गेला म्हणून दुसरा जात नाही. त्याआधी एकदा लेन्स बघून घ्या, ट्रे बाहेर आला की त्यावरच एक हरभऱ्याएवढा काचेचा डोळा दिसतो, तोच. त्यावर धूळ असेल तर कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी फुगा दाबून हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब उडतात, आणि बोट तर लावूच नका, तो डोळा बारीकशा तारांवर तरंगत असतो.

प्रश्न : ताई, हॉस्टेलमध्ये राहतो, बाहेरचा ब्लू-रे ड्राइव्ह लावून पिक्चर बघतो. पिक्चर सुरू होतो पण मध्येच थबकतो, मग दोन सेकंद पुढे पळतो, कधी आवाज पुढे आणि ओठ मागे. लॅपटॉप तसा नवीन आहे, रॅमपण भरपूर आहे. सगळं फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट अजिबात मारू नकोस. आधी एक काम कर, वही घे आणि पिक्चर थबकला की वेळ लिहून ठेव, मग तोच भाग पुन्हा लाव. दोन्ही वेळा अगदी त्याच ठिकाणी थबकत असेल तर दोष डिस्कमध्ये, त्या जागी डाग किंवा ओरखडा आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी होत असेल तर डिस्कला सोड आणि लॅपटॉपकडे वळ. एवढ्या एका गोष्टीने अर्धा गुंता सुटतो आणि बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत, सरळ ड्रायव्हर उडवायला लागतात.

तुझं दर वेळी वेगळ्या ठिकाणी होतंय असं धरून चालू. पहिला संशय विजेचा. बाहेरचा ड्राइव्ह स्वतःची वीज यूएसबीतूनच घेतो आणि ब्लू-रे फिरवायला, त्यातून सुरुवातीला वेग पकडताना, त्याला बरीच वीज लागते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेला असतो, यूएसबी ३ चा ९००. म्हणून ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला लाव. माऊस, कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह लावलेल्या हबला तो लावला असशील तर आधी तिथून काढ. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लाव, दुसरं फक्त विजेसाठी असतं. आणि लांबलचक एक्स्टेंशन केबल नको. वीज कमी पडते तेव्हा ड्राइव्ह थांबतो, पुन्हा फिरायला लागतो, कान लावलास तर ती घरघर मंद होऊन परत चढताना ऐकू येते. तो आवाज आला की समज, वीजच आहे. स्पीडची काळजी करू नकोस, ब्लू-रेला सेकंदाला ५४ मेगाबिटच्या वर लागत नाही आणि यूएसबी २ सुद्धा त्याच्या कितीतरी पट देतं, कमी पडते ती वीज.

दुसरा संशय असा की व्हिडिओ चुकीच्या जागी उलगडला जातोय. डीव्हीडीचा व्हिडिओ सेकंदाला फार तर ९.८ मेगाबिटचा, ब्लू-रेचा ४० पर्यंत जातो आणि तोही जास्त घट्ट आवळलेला असतो. हे काम ग्राफिक्स चिपमधल्या खास भागाने करायचं असतं, पण प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग किंवा हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद असेल, नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर विंडोजने टाकलेला कामचलाऊ असेल, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. बघायचं कसं तर पिक्चर चालू असताना टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर क्लिक कर, तिथे व्हिडिओ डिकोडचा छोटा आलेख असतो. तो हलत असेल तर ठीक. तो शून्यावर झोपलाय आणि सीपीयू मात्र डोंगर चढतोय असं दिसलं की दुखणं सापडलं, प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू कर आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर घे. काही मॉडेलमध्ये व्हिडिओ डिकोडच्या जागी दुसरं नाव असतं पण जीपीयूखालीच सापडतं. लॅपटॉपला दोन ग्राफिक्स असतील, एक प्रोसेसरमधलं आणि एक गेमिंगचं, तर दोन्ही आलेख बघ. आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन हा प्लेअर एकदा एकावर एकदा दुसऱ्यावर चालवून पाहा, कधीकधी प्लेअर एका चिपवर आणि स्क्रीन दुसऱ्या चिपवर अशी ओढाताण चालू असते.

तिसरं, चार्जर लावलेला असू दे. बॅटरीवर असताना लॅपटॉप प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि यूएसबी पोर्टची वीजपण जपून देतो. आणि गादीवर लॅपटॉप ठेवून बघत असशील तर तो उचलून टेबलावर ठेव, खालची जाळी गादीत बुडाली की तासाभरात लॅपटॉप तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. पहिला पाऊण तास छान आणि मग अडखळायला सुरुवात असं तुझं होत असेल तर कारण हेच.

आवाज आणि ओठांचं म्हणशील तर थबकणं थांबलं की बहुतेक तेही जागेवर येतं. वायरलेस हेडफोन लावत असशील तर मात्र थोडा उशीर त्या हेडफोनचा असतो, एकदा तारेचा लावून खात्री कर, मग प्लेअरमधल्या ऑडिओ डिलेला, म्हणजे आवाज मागेपुढे करायच्या सेटिंगला, हात घाल.

प्रश्न : लॅपटॉपच्या स्क्रीनवर ब्लू-रे मस्त दिसते. एचडीएमआयने टीव्हीला जोडलं की डेस्कटॉप दिसतो, फोटो दिसतात, यूट्यूब दिसतं, फक्त ब्लू-रेच काळी. आवाज कधी येतो कधी नाही. केबल बदलून झाली.

केबल तीनदा बदलली असेल तुम्ही, मला माहितीय, सगळे तेच करतात. इथे अडवतंय ते एचडीसीपी. पिक्चर कुलपातून बाहेर आल्यावर टीव्हीपर्यंत जाताना वाटेत कुणी तो टिपून घेऊ नये म्हणून लॅपटॉप आणि टीव्ही आधी एकमेकांची ओळख पटवून घेतात, आणि मधला एकजण जरी ती ओळख देऊ शकला नाही तरी प्लेअर चित्र सोडत नाही. यूट्यूबवरच्या साध्या व्हिडिओला ती अट नसते म्हणून तो दिसतो.

तेव्हा मधलं सगळं काढा. स्प्लिटर, स्विच, स्वस्तातला यूएसबी ते एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर, डॉक, जे काही असेल ते बाजूला ठेवा आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या एचडीएमआय भोकातून थेट टीव्हीत केबल घाला. मग विंडोज आणि पी दाबून येणाऱ्या यादीत दोन्ही स्क्रीनवर तेच दाखवायचा पर्याय निवडलेला असेल तर तो बदलून फक्त दुसरा स्क्रीन निवडा. दोन्हीकडे एकच चित्र जात असेल तर दोन्हींनी परीक्षा पास व्हायला लागते. एखादा जुना मॉनिटर व्हीजीएच्या तारेने जोडलेला राहिला असेल तर तोही काढा, त्या तारेतून ही ओळख जातच नाही. एवढं करून प्लेअर बंद करून पुन्हा उघडा, कारण ओळखपरेड सुरुवातीलाच होते. टीव्ही आधी चालू करा, लॅपटॉप मागून जोडा, हा क्रमपण काही टीव्हींना लागतो. सगळं काढल्यावर चाललं तर काढलेल्या वस्तू एकेक करून परत जोडा, दोषी कोण ते लगेच कळेल.

प्रश्न : टीव्हीवर दिसतं, पण कॅमेरा हळू बाजूला सरकतो तेव्हा चित्र हिसके मारतं. थबकत नाही, नुसते हिसके.

तुमची नजर चांगली आहे, हे सगळ्यांना दिसत नाही. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांचा असतो, नेमकं सांगायचं तर डिस्कवर बहुतेक वेळा २३.९७६, आणि तुमचा स्क्रीन ६० वेळा ताजा होतो. २४ ने ६० ला नीट भाग जात नाही, मग एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा असं दाखवलं जातं, तोच हिसका. विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा रिफ्रेश रेट २३.९७६ किंवा २४ वर ठेवा. १२० हर्ट्झचा स्क्रीन असेल तर १२० वरही चालतं, प्रत्येक चित्र पाच वेळा येतं. पिक्चर संपला की परत ६० करा, नाहीतर माऊससुद्धा लंगडत चालेल.

प्रश्न : फोर के ची ब्लू-रे आणली. लॅपटॉप या वर्षीचाच, सगळ्यात वरचं मॉडेल. साध्या ब्लू-रे चालतात, फोर के ची नाही. प्लेअर म्हणतो तुमची सिस्टीम पात्र नाही. इतका भारी लॅपटॉप पात्र कसा नाही?

नवीन आहे म्हणूनच नाही, आणि हे ऐकून तुम्हाला राग येईल याची मला कल्पना आहे, मलाही आला होता. फोर के ब्लू-रेचं कुलूप वेगळं आणि जास्त कडक आहे. ती लॅपटॉपवर अधिकृतपणे चालायला इंटेल प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची एक सुरक्षित तिजोरी लागते, ती किल्ली त्या तिजोरीतच उघडली जाते. २०१७ मध्ये सातव्या पिढीच्या प्रोसेसरपासून ही सोय सुरू झाली. आणि मग इंटेलने अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून ती तिजोरीच काढून टाकली. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये ती कधी नव्हतीच. म्हणजे सातवी ते दहावी अशा मधल्याच काही लॅपटॉपना हे जमत आलंय, आणि त्यांनाही ड्राइव्ह फोर के चा लागतो, इंटेलचंच ग्राफिक्स लागतं, बाहेरचा स्क्रीन असेल तर तो एचडीसीपी २.२ चा लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी नाही.

त्यामुळे सेटिंग शोधत रात्री जागू नका, तुमच्या लॅपटॉपला ते सेटिंगच नाही. एक करा, डिस्कचं खोकं पुन्हा उघडून बघा. फोर के च्या बऱ्याच संचांत त्याच पिक्चरची साधी ब्लू-रे पण ठेवलेली असते, ती लॅपटॉपवर लावा. लॅपटॉपच्या पंधरा इंची स्क्रीनवर चांगली १०८० ची, म्हणजे साधी ब्लू-रे सुंदर दिसते. फोर के ची डिस्क टीव्हीखालच्या प्लेअरसाठी ठेवा, किंवा डिस्कवाला गेमिंग कन्सोल असेल तर त्यात लावा, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सच्या डिस्कवाल्या मॉडेलमध्ये ती चालते.

प्रश्न : संवाद अगदी बारीक ऐकू येतात आणि मारामारी सुरू झाली की घर हादरतं. सारखा रिमोट हातात.

डिस्कवरचा आवाज सहा किंवा आठ स्पीकरसाठी बनवलेला असतो आणि संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. लॅपटॉपला मधला स्पीकर नाही. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकरची संख्या दोन किंवा स्टिरिओ करा, म्हणजे तो मधला आवाज दोन्ही बाजूंत मिसळून देईल, आणि रात्रीचा मोड किंवा डायनॅमिक रेंज कमी करायचा पर्याय असेल तर तो चालू करा. बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू असं काही चालू राहिलं असेल तर बंद करा, ते एचडीएमआयने होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडणाऱ्यांसाठी असतं. डिस्कच्या मेनूत साध्या स्टिरिओचा ऑडिओ ट्रॅक असेल तर तोच निवडा.

प्रश्न : भावाने परदेशातून डिस्क पाठवल्या. काही चालतात, काही चुकीचा रीजन म्हणतात.

ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग, म्हणजे रीजन, केलेत, ए, बी आणि सी. अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत, चीन, रशिया सी मध्ये. खोक्याच्या मागे छोट्या षटकोनात अक्षर असतं, बऱ्याच डिस्कवर तिन्ही असतात, त्या कुठेही चालतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये रीजन बदलता येतो पण मोजक्याच वेळा, साधारण पाच, मग तो कायमचा अडकतो. म्हणून उगाच इकडून तिकडे करत बसू नका, तुमच्याकडे कुठल्या रीजनच्या डिस्क जास्त आहेत ते आधी मोजा. फोर के ब्लू-रेला ही भानगड नाही.

प्रश्न : मॅकवर काय?

अ‍ॅपलने मॅकमध्ये ब्लू-रे पिक्चरची सोय कधीच दिली नाही. बाहेरचा ड्राइव्ह मॅकला दिसतो, त्यावरच्या फाइली दिसतात, पण पिक्चरसाठी वेगळं प्लेअर सॉफ्टवेअर घ्यायला लागतं. घेण्याआधी ट्रायल आवृत्तीत तुमच्याकडचीच डिस्क लावून बघा, जाहिरातीवर जाऊ नका.

प्रश्न : डिस्कवर ओरखडे पडलेत. टूथपेस्टने घासून डीव्हीडी दुरुस्त झालेली मी पाहिलीय, ब्लू-रेला करू का?

कृपा करून करू नका. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटर आत असतो, वरचं प्लास्टिक थोडं घासलं तरी निभावतं. ब्लू-रेत वर फक्त ०.१ मिलिमीटर आहे आणि त्यावर एक कडक लेप दिलेला असतो, तो तुम्ही घासून काढलात तर डिस्क गेलीच. चांगली गोष्ट अशी की त्या लेपामुळे ब्लू-रेला सहसा ओरखडे पडत नाहीत, जे ओरखडे वाटतात ते बऱ्याचदा बोटांचे ठसे आणि तेलकट डाग असतात. चष्मा पुसायचं मऊ कापड घ्या, लागलंच तर साध्या पाण्याने किंचित ओलं करा, आणि मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो रेघेच्या बाजूने लांब जातो आणि लेझरला सलग तेवढं काही वाचता येत नाही, आडवा ओरखडा परवडला, तो क्षणात पार होतो.

प्रश्न : आमच्या लग्नाच्या व्हिडिओची ब्लू-रे फोटोग्राफरने २०१२ मध्ये दिली होती. टीव्हीचा प्लेअर बंद पडला, आता लॅपटॉपवर बघायची आहे. वरचे सगळे कुलपाचे प्रकार हिलाही लागू होतात का? ही एकच प्रत आहे.

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथे मला तुम्हाला घाई करायची आहे. नाही, हिला कुलूप नाही. घरगुती डिस्कवर व्हिडिओ उघडाच असतो, त्यामुळे व्हीएलसीने ती सरळ चालते, परवाना नको, किल्ली नको. लागतो फक्त ब्लू-रे वाचणारा ड्राइव्ह.

पण चालवून बघत बसू नका, आधी कॉपी करा. ही कारखान्यात दाबून बनवलेली डिस्क नाही, लेझरने लिहिलेली आहे, आणि लिहिलेल्या डिस्क उन्हाने, दमटपणाने, कधी नुसत्या वयाने वाचेनाशा होतात. मागच्या बाजूने उजेडात तिरकी धरून बघा, ढगाळ डाग किंवा कडेला रंग बदललेला दिसला तर आजच बसा.

चार्जर लावा, लॅपटॉप झोपणार नाही असं सेटिंग करा, ड्राइव्ह थेट पोर्टमध्ये घाला. हार्ड डिस्कवर निदान ५० जीबी जागा मोकळी ठेवा, दोन थरांची डिस्क तेवढी भरते. मग डिस्कवरचं सगळं, फोल्डरसकट, कॉपी करा, नुसत्या व्हिडिओ फाइली उचलू नका, मेनू आणि क्रम बाकीच्या छोट्या फाइलींत असतो. एखाद्या फाइलवर अडलं तर तिच्यावर तासन्‌तास ड्राइव्हला कुरतडायला लावू नका, ती सोडून बाकीच्या आधी उतरवून घ्या, मग डिस्क वर सांगितल्यासारखी पुसून त्या एका फाइलसाठी पुन्हा प्रयत्न करा, आणि तरी नाहीच तर दुसऱ्या कुणाच्या ब्लू-रे ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला वाचता येतं, असं कितीतरी वेळा होतं.

कॉपी झाली की मधून मधून चार-पाच ठिकाणी चालवून बघा, अगदी शेवटची पाच मिनिटंसुद्धा, कारण डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि खराबी बहुतेक वेळा बाहेरच्या कडेला, म्हणजे कडेपर्यंत भरलेल्या डिस्कच्या शेवटच्या भागात असते. मग तीच कॉपी दुसऱ्या एका हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती दुसऱ्या घरी, भावाकडे बहिणीकडे ठेवून द्या. मूळ डिस्क टाकू नका, खोक्यात उभी ठेवा, अंधारात. कॉपी करताना कुठल्या फाइलवर अडलं तर तिचं नाव आणि डिस्कवर छापलेलं कंपनीचं नाव मला कळवा, पुढच्या अंकाची वाट न बघता उत्तर पाठवते.